बाजारात येण्याआधी नवा फोन हाताळलाय? अनुभव लिहा

गेल्या शनिवारी बीकेसीत एका नव्या फोनच्या प्रिव्ह्यूला गेले होते. कुर्ल्याहून शेअर रिक्षा, दाराशी यादीत नाव शोधणं, गळ्यात पास, मग मोठ्या पडद्यासमोर तासभर भाषणं. शेवटी टेबलांवर तारेने बांधलेले फोन आणि माणशी जेमतेम दहा मिनिटं. मी कॅमेरा उघडला, रंग पाहिले, तेवढ्यात मागच्यांचा नंबर आला. घरी आल्यावर आईने विचारलं, "मला त्यावर नीट ऐकू येईल का गं?" ती कानाला यंत्र लावते आणि फोन तिच्यासाठीच घ्यायचाय. नेमकं तेच पाहायचं राहिलं, त्याची रुखरुख अजून आहे.

मुंबईत अशा कार्यक्रमांना गेलेल्यांनी सांगा, फोन हातात आल्यावर तुम्ही काय करून पाहिलंत? पाहुणे, तिथे काम केलेले, दुकानदार, सगळ्यांनीच लिहा.

विलेपार्ले

मी निवृत्त शिक्षक. भाच्याबरोबर गेलो होतो. सगळे कॅमेऱ्याकडे वळले, मी संदेशाची खिडकी उघडून 'दुसऱ्या तऱ्हेची कुऱ्हाड' लिहायला घेतलं. कळफलक मराठी म्हणून निवडलेला, पण नुक्त्याचा ऱ काही सापडेना. तो नसला की 'दुसर्या' होतं, य वर रफार चढतो आणि शब्दाचा उच्चारच बदलतो. मग ॲ शोधला. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ सालीच आलंय, तरी तेही दिसलं नाही.

भारतात विकायच्या फोनसाठी आयएस १६३३३ हे मानक आहे. त्यानुसार अधिकृत भारतीय भाषांतला मजकूर वाचता आलाच पाहिजे. लिहिण्यासाठी मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी कुठलीही एक भारतीय भाषा दिली तरी पुरतं. म्हणजे मराठी वाचायला मिळाली म्हणून लिहायलाही मिळेलच, असं धरून चालू नका. वेगळा कळफलक उतरवून घेता येतो, पण माझ्या वयाच्या किती जणांना ते जमेल? टेबलावरच्या मुलाने माझं म्हणणं वहीत उतरवून घेतलं, त्याचं समाधान वाटलं.

लालबाग

लग्नाचे फोटो काढतो. त्या टेबलांवर फुलं, फळं, रंगीत बाहुल्या मांडतात आणि वरून भरपूर पांढरा उजेड सोडतात. एवढ्या उजेडात कुठलाही कॅमेरा चांगलाच दिसणार. मी फोन दाराकडे वळवला. मागून ऊन, समोरून चहाचा ट्रे घेऊन येणारा माणूस. त्याचा चेहरा काळवंडला आणि हात फिसकटला. आमच्या कामात हेच रोज असतं, मांडवाच्या दारात उभं राहून नवरीचा प्रवेश टिपायचा.

डब्यावर २०० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, पण असा सेन्सर एरवी शेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. पूर्ण २०० हवे असतील तर ते मुद्दाम निवडावं लागतं. निवडा आणि दोन फोटोंमध्ये किती वेळ जातो ते मोजा.

डोंबिवली

मी टेबलाच्या पलीकडे होते, प्रमोटर म्हणून. दोन दिवसांचं ट्रेनिंग, मग सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत उभं राहायचं. खुर्ची नव्हती. लोकलमध्ये बसायला मिळालं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्यांना कळकळीने सांगते, डेमो फोनमध्ये स्वतःच्या ईमेलने लॉगिन करू नका. एक काका करून निघून गेले. मी पार्किंगपर्यंत धावत गेले, त्यांना परत आणून समोर खातं काढायला लावलं. सेल्फी तर शेकड्याने तिथेच राहतात. लहान मुलांचे चेहरे असलेले फोटो मी दर तासाला पुसत होते. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच राहवेना.

मुलुंड

भाऊ अंध आहे. आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) सुरू होतं का, एवढंच पाहायला आम्ही गेलो होतो. डेमो फोनवर ते बंद करून ठेवलेलं होतं. परत आलो.

ग्रँट रोड

लॅमिंग्टन रोडला बावीस वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय. माझा प्रश्न ठरलेला असतो: फोल्डर (म्हणजे काचेसकट अख्खा पडदा) केवढ्याला, मिळणार कधी, आणि मागची काच न फोडता बॅटरी निघते का? गेल्या खेपेला स्टेजवरून उत्तर आलं, "सर्व्हिस सेंटरला विचारा." अहो, फोन तुम्ही बनवलात!

युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालेत. फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे, पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यायचे, आणि बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. तोच फोन इथेही विकतात ना? मग इथल्या गिऱ्हाइकाला किती वर्षं भाग मिळणार, हे प्रत्येकाने माइक हातात आल्यावर विचारावं. माझ्या काउंटरवर महिन्याला चार-पाच धडधाकट फोन येतात, जे निव्वळ पडदा मिळत नाही म्हणून भंगारात जातात. फार जीव तुटतो.

माहीम

धागा काढणाऱ्या ताईंसाठी लिहितोय, कारण मीही श्रवणयंत्र वापरतो. हॉलच्या गोंगाटात स्पीकरचा आवाज जोखता येत नाही, आणि डेमो फोनमध्ये सिम नसल्याने कॉलही लावता येत नाही. मी यंत्र थेट ब्लूटूथने जोडून पाहू द्या म्हणालो. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे, पण यंत्र आणि फोन दोन्हींकडे ती असावी लागते. तिथल्या ताईंनी फोनची तार सोडवून मला मागच्या शांत खोलीत नेलं. जोडणी झाली आणि व्हिडिओतला आवाज थेट कानात आला. आईंना बरोबर घेऊन जा, त्यांच्या यंत्राचं मॉडेल लिहून न्या.

(धागाकर्ती)

माहीमच्या दादा, मनापासून आभार. आईचं यंत्र काढून मागचा बारीक नंबर भिंगाने वाचला, तिच्या डायरीत लिहिला. फोन दुकानात आला की दोघी जाणार आहोत. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, गर्दी व्हायच्या आत. ग्रँट रोडच्या भाऊंचा फोल्डरचा प्रश्न आईने त्याच पानावर खाली लिहून ठेवलाय.