मदत हवी आहे : कांद्याच्या पेशीत अंगकं दिसतच नाहीत!

वैतागलेला_बाप
मुलगी आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिला 'पेशी व पेशीअंगके' (अंगकं म्हणजे पेशीच्या आतले छोटे भाग) हा विषय मिळालाय. शुक्रवारी परीक्षक येणार. सूक्ष्मदर्शक विकत आणला, कांद्याचा पापुद्रा लावला, तर नुसती विटांची भिंत दिसते आणि प्रत्येक विटेत एक ठिपका. ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका नाहीत, प्रथिनं बांधून पाठवणारं गॉल्गी संकुल नाही, पडद्यांचं जाळं म्हणजे आंतर्द्रव्यजालिका नाही, साधी हरितलवकंही (पेशीतले हिरवे कण) नाहीत. पुस्तकात सगळं कसं ठळक आणि रंगीत! यंत्र परत करू का? लवकर सांगा, दुकानदार बदलून द्यायला कटकट करतो.

निळी_शाई
आधी माहिती द्या. भिंगांवर आकडे काय आहेत? रंग कोणता घातलात? पापुद्रा वरच्या वाळक्या सालीचा की आतल्या मांसल पाकळीचा?

वाटाड्या
ताई, यंत्राच्या नादी लागू नका. आम्ही थर्माकोलची पेशी केली होती, पहिला नंबर आला. लयकारिकांना (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्या) साबुदाणा, तंतुकणिकांना शेंगदाणे. परीक्षक वाकून भिंगात बघत नाहीत, दोन मिनिटांत पुढे जातात.

वैतागलेला_बाप
ताई नाही हो, आयडी वाचा. मॉडेल बाकीची तीस मुलं आणणार आहेत. हिला खरी पेशी दाखवायचीय.

निळी_शाई
माझे प्रश्न तसेच राहिले.

वैतागलेला_बाप
डोळ्याकडचं भिंग १०, खालचं ४०. आयोडीन घातलंय, सगळे घालतात तेच. पापुद्रा आतला.

निळी_शाई
म्हणजे ४०० पट. यंत्र ठणठणीत आहे. तो ठिपका केंद्रक आहे. हरितलवकं दिसणार नाहीत, कारण कांदा जमिनीत वाढतो आणि त्याच्या मांसल पाकळीत ती नसतातच. तंतुकणिकेची जाडी अर्धा ते एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). ४०० पटीत एक मायक्रॉनचं काय होतं, तर ०.४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक कण. रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, तर २०-३० नॅनोमीटरचे (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन). साध्या प्रकाशातल्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे भिंग कितीही महाग घेतलं तरी ते दिसायचे नाहीत. पुस्तकातली आकृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळालेल्या माहितीवर काढलेली असते आणि रंग चित्रकाराचे.

प्रयोगवही
सहमत, पण आयोडीन मुळात घालायचंच कशाला? आयोडीनने पेशी मरते. पापुद्रा नुसत्या पाण्यात ठेवा, मंचाखालची झडप अर्धी बंद करा म्हणजे उजेड कमी होऊन कडा उठून दिसतील. केंद्रकाजवळ बारीक कण सरकताना दिसतात. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना हेच आधी दाखवायचो.

काटेकोर
आठवीच्या मुलीला हे सांगू नका. प्रात्यक्षिकात आयोडीन लिहिलंय तर आयोडीनच. परीक्षकाने केंद्रक विचारलं तर काय दाखवणार ती? रंगाशिवाय केंद्रक धड दिसत नाही.

प्रयोगवही
दोन काचपट्ट्या करा! एक आयोडीनची, एक जिवंत. कुणी अडवलंय?

खवचट
तंतुकणिका आईकडून येतात. बापाला कशा दिसणार?

वाटाड्या
हा हा. पण खरंच, वडिलांकडून येतच नाहीत का?

निळी_शाई
माणसात जवळजवळ सगळ्या आईकडूनच. शुक्रपेशीतही असतात, शेपटी हलवायला ऊर्जा लागते ना, पण फलनानंतर त्या नष्ट केल्या जातात. शिंपल्यांच्या काही जातींत मात्र नराकडूनही पुढे जातात.

वैतागलेला_बाप
शिंपले राहू द्या. शुक्रवार!

रानभूल
कांदा सोडा, हायड्रिला ही पाणवनस्पती आणा. शोभेचे मासे विकणाऱ्याकडे दहा-वीस रुपयांत जुडी मिळते, तळ्यातही असते. शेंड्याजवळचं कोवळं पान अख्खं पाण्यात ठेवा, कापायची गरज नाही, पान दोनच थरांचं असतं. दिव्याखाली थोडा वेळ जाऊ द्या, मग मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी बघा. हिरवी लवकं भिंतीला धरून फिरताना दिसतील. पेशीद्रव वाहतं आणि ती त्याच्याबरोबर जातात. कोर्टी नावाच्या इटालियन अभ्यासकाने १७७४ मध्ये असा प्रवाह पाहिला होता, तेव्हा केंद्रकाला नावही नव्हतं. प्रवाह लगेच दिसला नाही तर हिरमुसू नका, थंड पाण्यातून काढलेलं पान आधी ढिम्म असतं.

काटेकोर
हायड्रिलात गॉल्गी दिसणार आहे का? मूळ प्रश्न अंगकांचा आहे. गॉल्गी संकुल साध्या सूक्ष्मदर्शकात कुणालाच दिसलेलं नाही.

निळी_शाई
चूक. कामिल्लो गॉल्गीने १८९८ मध्ये ते साध्याच सूक्ष्मदर्शकात पाहिलं, चेतापेशीत, चांदीच्या क्षारांनी रंगवून. नंतर कित्येक वर्षं अनेकांचं म्हणणं होतं की हा रंगवण्यातून तयार झालेला आभास आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर १९५० च्या दशकात वाद मिटला. आंतर्द्रव्यजालिकेची गोष्ट वेगळी, ती १९४५ मध्ये थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच सापडली. क्लॉड, द दूव्ह आणि पॅलाडे या पेशीशास्त्रज्ञांना १९७४ चं नोबेल अशाच कामासाठी मिळालं. हे तक्त्यावर लिहा: काय इथे दिसतं, काय दिसत नाही आणि का. परीक्षकाला रंगीत आकृतीपेक्षा हे आवडेल असं माझं मत.

प्रयोगवही
तंतुकणिकाच हव्या असतील तर जेनस ग्रीन बी नावाचा रंग असतो, अगदी पातळ करून वापरायचा. पापुद्रा जिवंत हवा. तंतुकणिकेतली विकरं (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) रंग ऑक्सिडीकृत, म्हणजे रंगीत अवस्थेत, ठेवतात म्हणून तिथे निळसर हिरवे कण दिसतात, बाकी पेशीद्रवात तो रंगहीन होतो. थोड्या वेळाने तेही फिके पडतात, म्हणून परीक्षक समोर आले की मगच घाला.

वैतागलेला_बाप
औषधांच्या दुकानात विचारलं, तो माझ्याकडे बघतच राहिला.

प्रयोगवही
औषधांच्या नव्हे, प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानात. नाहीतर जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा आणि मुलीला बरोबर न्या, कुणी नाही म्हणत नाही.

तिसरी_घंटा
मोबाईल डोळ्याकडच्या भिंगावर धरून चित्रफीत काढून ठेवा. ऐन वेळी वीज गेली तर?

वाटाड्या
शेंगदाणे तरी ठेवा जोडीला.

वैतागलेला_बाप
हायड्रिला आणली. पहिला अर्धा तास काहीच नाही, मग टेबलदिव्याखाली ठेवल्यावर सुरू झाली. मुलगी हलायला तयार नाही. जेनस ग्रीन उद्या बघतो. तिचा एक प्रश्न आहे, परीक्षकाने विचारला तर? एकाच पेशीत डावीकडच्या भिंतीला लवकं वर जातात आणि उजवीकडच्या भिंतीला खाली येतात. दोन प्रवाह आहेत का?

रानभूल
एकच. पेशीचा मधला बहुतेक भाग रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, भरलेला असतो, पेशीद्रव तिच्याभोवती पातळ थरासारखं पसरलेलं. ते गोल फिरतं, म्हणून समोरासमोरच्या भिंतींवर उलट दिशा दिसते. पेशीद्रवात ॲक्टिन या प्रथिनाचे धागे असतात, त्यांवरून मायोसिन हे प्रथिन चालतं आणि माल ओढत नेतं. आपल्या स्नायूंतही हीच जोडी काम करते. यासाठी लागणारं एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन) मुख्यतः तंतुकणिकांतून येतं. त्या दिसल्या नाहीत तरी त्यांचं काम दिसतंय, असं तिला म्हणू द्या.

काटेकोर
आयोडीनची पट्टी विसरू नका.