डाउनटाउनमध्ये चांगला पिझ्झा कसा शोधायचा? मदत हवी आहे

मंडळी, मोठ्या शहराच्या डाउनटाउनमध्ये ग्रुपने पिझ्झा खायला जायचंय आणि दुकानं इतकी आहेत की काही सुचेना, रेटिंग तर सगळ्यांचंच भारी, मग बघायचं तरी काय? मला लाकडाच्या भट्टीतला नेपोलिटन आवडतो, साडेचारशे डिग्रीच्या आसपास जेमतेम दीड मिनिटात होतो, कडा फुगलेल्या, वर काळे डाग, मधे एकदम मऊ. पण आमच्यातल्या काहींना तो कच्चाच वाटतो, त्यांना कुरकुरीतच पाहिजे (वाद घालून उपयोग नाही, घातलाय). दोन्ही नीट करणारी जागा मेनू बघून ओळखता येते का? पीठ किती तास आंबवता असं विचारलं तर चालतं, की हसतील? आणि ऑफिस सुटायच्या वेळेला बुकिंग लागेलच ना, का सरळ स्लाइस घेऊन उभ्याउभ्या खावं?