होणाऱ्या बाळासाठी स्वेटर: लोकर कुठली घेऊ, माप काय धरू?

होणारी_आत्या:
वहिनीला नोव्हेंबरअखेरची तारीख दिलीये, ती आत्ता माहेरी नाशिकला आहे आणि मला बारशाला बाळासाठी हाताने विणलेला स्वेटर न्यायचाय. सुलट-उलट येतं, मफलर विणलाय पण स्वेटर कधीच नाही. दुकानात बेबी वूल म्हणून चार-पाच प्रकार दाखवले, त्यातली एक लोकर एकदम केसाळ, इतकी मऊ की हात फिरवतच रहावंसं वाटतं. ती घेऊ का? आणि अजून जन्मलंच नाही त्या बाळाचं माप कसं धरायचं? घरी १० नंबरच्या सुया आहेत.

सुईवरचे_टाके:
अगं केसाळ अजिबात नको. बाळ दिवसभर मुठी तोंडात घालतं, ते केस तोंडात-नाकात जातात. साधी गुळगुळीत ॲक्रिलिक बेबी लोकर घे, दुकानातच मानेला घासून बघ, जरा जरी टोचली तरी ठेवून दे. दूध काढलं की धुवायला लागतंच आणि खरी लोकर गरम पाण्यात गेली की आटते, बाळंतिणीच्या घरात ते कोण सांभाळत बसणार.
माप म्हणशील तर नवजात बाळाची छाती साधारण १३-१४ इंच असते पण तेवढा विणलास तर महिन्याभरात घट्ट होईल. तयार स्वेटर १८ इंच धर म्हणजे थंडी संपेपर्यंत येईल. आधी ४ इंचाचा तुकडा विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोज. ६ आले तर १८ इंचाला १०८, म्हणजे पाठीला ५४ आणि पुढच्या दोन भागांना २७-२७, शिवाय बटणपट्टीचे ५-५ वेगळे. तुझे टाके ७ आले तर हिशोब बदलेल, म्हणून तुकडा चुकवू नकोस.

गोदाकाठ:
आमच्या नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो, पूर्ण बाह्यांचाच कर. पहिलाच आहे तर बाह्या वेगळ्या विणून जोडत बसू नकोस. पाठ काखेपर्यंत विण, मग दोन्ही बाजूंना बाहीसाठी ३६-३६ टाके वाढव, खांद्यापर्यंत जा, मधले गळ्याचे टाके बंद कर आणि तिथून पुढचे दोन भाग वेगवेगळे खाली उतरव. शेवटी फक्त बगलेच्या शिवणी. सगळ्या ओळी सुलटच घातल्या तरी छान दिसतं, कडा वळत नाहीत आणि ताणही बसतो. सुया मात्र लांब घे, टाके खूप होतात.

दोन_पिल्लांची_आई:
पुढून उघडाच कर हं ताई, डोक्यातून घालायचा स्वेटर बघितला की माझी दोन्ही पोरं आकांत करायची. गळ्याला नाडी, गोंडे काही नको. जाळीची वीण पण नको, बोटं अडकतात. बटणं चपटी घे आणि लावल्यावर जोरात ओढून बघ. आतून सुती झबलं हवंच. आणि वहिनीला सांगून ठेव, घरात झोपवताना लोकरीची टोपी काढायची, बाळाला फार उकडू द्यायचं नाही.

होणारी_आत्या:
किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार! केसाळ रद्द, पिस्ता रंगाची साधी घेते, उद्याच ४ इंची तुकडा विणून टाके मोजते. @गोदाकाठ, गळ्यासाठी ५४ पैकी किती टाके बंद करू?

गोदाकाठ:
१८ कर. दोन्ही खांद्यांना १८-१८ उरतील.