इंदूर : महिन्याचा किराणा मार्टमधून, कोपऱ्यावरच्या दुकानातून की सियागंजातून?

राजेंद्रनगरची सून

नमस्कार मंडळी. घरात आम्ही पाच जण : सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. सासऱ्यांची पेन्शन आणि ह्यांचा पगार यावर घर चालतं. मुलीच्या शिकवणीची फी वाढल्यापासून महिन्याच्या किराण्यातून काही हाताशी राहतं का, हे मला नीट बघायचं आहे.

ह्यांचं म्हणणं, पगार झाला की डीमार्टला जायचं आणि सगळं एकदम आणायचं, कारण तिथे छापील किमतीपेक्षा कमी भाव लागतो. सासूबाईंना ते पटत नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान येतं. तो डाळ चांगली देतो, वहीवर मांडून ठेवतो, वाईट निघालं तर बदलून देतो. शेजारच्या काकू म्हणतात, दोन्ही सोडा, सियागंजच्या थोक बाजारात जा.

मार्टच्या बिलावर खाली बचतीचा आकडा असतो. तो बघून बरं वाटतं, पण महिन्याचा एकूण खर्च काही त्या मानाने उतरलेला दिसत नाही. तुलना नेमकी कशी करायची? इंदुरात घर चालवणाऱ्यांनी आपली पद्धत सांगावी. आणि सासूबाईंचं मनही मोडायचं नाही, हेही लक्षात घ्या.

लोकमान्यनगरची काकू

अगं, तिन्ही ठिकाणी जा, पण प्रत्येक ठिकाणाहून ठरावीक जिन्नसच आण. माझ्याकडे भावांची वही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या बचतीच्या आकड्याबद्दल. तो छापील किमतीतून वजा करून काढलेला असतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी कितीही घ्यावेत. साबण, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं, कपड्यांची पावडर यांवरची किंमत शहरात कुठेही गेलीस तरी तीच असते, त्यामुळे तिथे कमी लागलेला भाव ही खरी बचत. हे सगळं मार्टमधून डोळे मिटून घे. पण तूरडाळीच्या पाकिटावर काय छापायचं हे पाकीट भरणाराच ठरवतो. समज, 180 छापले आणि 135 ला दिली. 45 वाचले असं बिल म्हणणार. तशीच डाळ सियागंजात सुटी 120 ला मिळत असेल तर तुझे 15 जास्त गेले. शिवाय पाकीटबंद डाळ, तांदूळ, आटा 25 किलोपर्यंतच्या पॅकमध्ये असेल तर जुलै 2022 पासून त्यावर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही.

म्हणून माझ्या वहीत छापील किंमत लिहीतच नाही. जिन्नस, मग तीन रकाने : मार्ट, गल्लीतलं दुकान, सियागंज. आणि सगळं किलोच्या भावात. पाकिटावर हल्ली एका ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापलेला असतो, बारीक अक्षरात, तो बघायची सवय लाव.

तेलात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. सोयाबीनचं 1 लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. पूर्वी पाकीट म्हणजे 1 लिटर हे ठरलेलं असायचं. आता शेजारी शेजारी ठेवलेल्या, सारख्याच फुगलेल्या पाकिटांत एक 910 ग्रॅमचं, दुसरं 850 चं, तिसरं 800 चं असतं. समज, 850 ग्रॅमचं 118 ला आहे आणि 910 चं 124 ला. हात आपोआप पहिल्याकडे जातो. पण हिशेब केला तर पहिलं किलोला 139 च्या आसपास पडतं, दुसरं 136. डब्याचंही तसंच. 15 किलोचा डबा वेगळा, 15 लिटरचा वेगळा. 15 लिटर म्हणजे साडेतेरा किलोच्या थोडं वर, म्हणजे सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक. दुकानदार तोंडाने नुसतं ‘पंद्रह का डिब्बा’ म्हणतो. डबा फिरवून वजन वाचल्याशिवाय पैसे काढू नकोस.

आता सियागंज. तिथे डाळी, तांदूळ, साखर, पोहे, शाबूदाणा, सुकं खोबरं आणि खडा मसाला. जाण्याआधी हिंदी वर्तमानपत्रातला बाजारभावाचा रकाना वाच. तूरडाळ, मूगमोगर (म्हणजे सालं काढलेली मूगडाळ), साखर, तांदूळ सगळ्यांचे भाव त्यात असतात. ते थोक भाव आहेत, आपल्याला खेरचीत, म्हणजे किरकोळीत, थोडं चढूनच मिळणार, पण भाव वर चाललाय की खाली एवढं कळतं आणि दुकानदाराशी बोलताना अंदाज राहतो. पहिल्याच दुकानात घेऊ नकोस, दोन-चार ठिकाणी विचार. पूर्ण कट्टा, म्हणजे अख्खं पोतं, घ्यायचा आग्रह होतो. आपण पाच किलो म्हणून ठाम राहायचं, देतात. नाहीतर शेजारणीबरोबर कट्टा वाटून घ्यायचा. माझ्या जाऊबाई आणि मी साखर तशीच घेतो.

तांदळात तर पैसे चांगलेच वाचतात. एकाच बासमतीचे तुकड्यांवरून प्रकार पडतात : अख्खा दाणा, मग तिबार, त्याहून लहान दुबार, मिनी दुबार आणि शेवटी मोगरा. वास तोच, भाव उतरत जातो. आमच्याकडे रोजच्या भाताला दुबार, खिचडीला आणि खिरीला मोगरा, पाहुणे आले तरच अख्खा. मार्टमध्येही हे प्रकार असतात, पण पाकिटावर चित्र नेहमी लांब दाण्याचंच, म्हणून पारदर्शक बाजूने दाणा बघून घे.

गहू मात्र या तिन्हीकडून नाही. मालव्यात राहून महिन्याच्या महिन्याला आट्याची पाच किलोची पिशवी आणायची हे मला सहन होत नाही. मार्चअखेर ते मे नवा गहू येतो, तेव्हा वर्षाचा भरायचा. पोळ्यांना लोकवन, ऐपत असेल तर शरबती, बाफल्यांसाठी (उकडून भाजलेल्या बाट्यांसाठी) थोडा मालवी. कडक उन्हात दोन दिवस वाळवून, एरंडेल चोळून कोठीत. दळण गल्लीतल्या चक्कीवर. तसंच लाल मिरची निमाडातली, हिवाळ्यात ताजी येते. धणे फेब्रुवारी-मार्चमध्ये. लसूण मंदसौर-नीमचकडचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. वर्षाचा मसाला ज्या घरात होतो तिथे पाकिटातल्या मसाल्याचा खर्च जवळजवळ उरतच नाही, आणि चवीबद्दल मी काय सांगू.

मार्टमध्ये जाताना यादी कागदावर ने आणि एकटी जा. भांडी, चादरी, प्लास्टिकचे डबे, मुलांचे कपडे यांच्या मांडण्या ओलांडूनच बाहेर पडावं लागतं. तुझा एकूण खर्च का उतरत नाही याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे. पुढच्या वेळचं बिल घरी घेऊन बस आणि खाण्याच्या वस्तूंना एका रंगाने, बाकीच्यांना दुसऱ्या रंगाने खूण कर.

देवास नाका गोदामवाला

काकूंनी फार कामाचं लिहिलं आहे. मी रोजच्या वापराच्या वस्तूंच्या वितरकाकडे हिशेब बघतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं थोडं सांगतो.

मार्टला कमी भाव परवडतो त्याची कारणं साधी आहेत. डीमार्टचंच घ्या. 2002 मध्ये मुंबईत पवईला पहिलं दुकान निघालं, तेव्हापासून शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान काढायचं हे त्यांचं धोरण. म्हणजे भाड्याचा बोजा कमी. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करतात, त्यामुळे त्याच्याकडून जास्त सूट मिळते. आणि प्रकार मोजके ठेवतात, जे खपतं तेच, त्यामुळे माल पडून राहत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कंपनीच्या मालावर ठरावीक मार्जिन मिळतं. त्यातून वीज, नोकर, उधारी सगळं काढायचं असतं. साबणाच्या भावात तो मार्टशी लढू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. पण महिन्याची पूर्ण यादी एकदम दिली आणि रोख दिले तर बरेच दुकानदार काहीतरी कमी करतात. विचारायला संकोच करू नका.

दोन गोष्टी आणखी. मोठा पॅक नेहमी स्वस्त असतो असं नाही. शाम्पूची 1-2 रुपयांची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा मिलिलिटरला स्वस्त पडते. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, तूप आणि लोण्यावरचा 12 वरून 5. तुमच्या वहीत त्याआधीचे भाव असतील तर ते खोडून नवे लिहा, नाहीतर जुन्या किमतीशी तुलना करून सूट मोठी वाटत राहील.

सुदामानगर, गल्ली शेवटची

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. माझी आई 78 वर्षांची आहे, दिवसभर घरी एकटी. तिला मार्टचे जिने आणि रांगा झेपत नाहीत, सियागंजातली गर्दी आणि हातगाड्या तर नाहीतच. गल्लीतला दुकानदार फोनवर पाव किलो रवासुद्धा घरी पोचवतो, आणि आईने दार उघडायला वेळ लावला तर मला ऑफिसात फोन करून सांगतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आमच्या वस्तीत सामान पोचलं ते याच दुकानातून. त्यामुळे मी दर महिन्याला काही जिन्नस मुद्दाम तिथून घेते, किलोमागे चार रुपये जास्त पडतात हे माहीत असून. ज्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनी हे पैसे वाया गेले असं समजू नये. राजेंद्रनगरच्या ताईंच्या सासूबाईंच्या मनातही हेच असेल असं मला वाटतं.

राजेंद्रनगरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बिलावर दोन रंगांच्या खुणा केल्या. तिसरा हिस्सा पैसे डबे, पायपुसणी, मुलीची पाण्याची बाटली आणि तयार नमकीन यांत गेले होते. हे सासूबाईंना दाखवलं, त्यांनी स्वतःच वही आणून दिली आणि पहिल्या पानावर जिन्नस मांडून दिले.

सुदामानगरच्या ताईंचं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं. दही, पाव, गूळ, पूजेचं सामान आणि मध्येच संपणारं सगळं आपल्या दुकानातूनच यायचं, असं घरात ठरलं आहे.

एक विचारायचं राहिलं. सियागंजात तूरडाळ मागितली की दुकानदार ‘सव्वा नंबर दूँ या फूल?’ असं विचारतात असं शेजारच्या काकू सांगत होत्या. रोजच्या वरणाला कोणती घ्यायची? आणि वर्षाची एकदम भरावी का?

लोकमान्यनगरची काकू

ही प्रतवारीची नावं आहेत. फूल सव्वा नंबरपेक्षा वरची, म्हणून भावही वर. रोजच्या वरणाला सव्वा नंबर पुरते. मूठभर डाळ तळहातावर पसरून बघ. दाण्याच्या कडा गोल राहिलेल्या असाव्यात, तुकडे आणि चुरा कमी, साल चिकटलेली नको. खूप चकचकीत दिसली तर बोटांनी चोळून पॉलिश आहे का ते बघ. पहिल्यांदा प्रत्येकी एकच किलो आण, घरच्या कुकरमध्ये दोन्ही वेगवेगळ्या दिवशी लाव. जी तुमच्या पाण्यात नीट शिजून एकजीव होते ती तुमची. सासूबाईंना चव घ्यायला सांग, त्यांचा हात यात तुझ्या-माझ्यापेक्षा तयार असणार.

वर्षाची डाळ भरू नकोस, पावसाळ्यात किडीची भीती असते. नवी तूर हिवाळ्यात यायला लागते, भाव तेव्हा बहुतेक उतरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये चार महिन्यांची घेऊन ऊन दाखवून डब्यात भर, बाकी लागेल तशी. आणि सियागंजात गाडी आत घालू नकोस, स्टेशनच्या बाजूला लावून पायी जा. सामान जास्त झालं तर दुकानदारच हमाल बघून देतो, त्याचे पैसे आधी ठरवून घे.