मदत हवी आहे: बाळाला घेऊन कोरल बघायला जायचंय, कसं जमवू?

शाहूपुरीकर: नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात फॅमिली ट्रिप ठरलीये. बायकोला लग्नाआधीपासून कोरल बघायचंय, दोनदा ठरून कॅन्सल झालं, आता तिसऱ्यांदा झालं तर माझं काही खरं नाही. बाळ सोबत आहे. बोटवाल्याला फोन केला तर म्हणतो "या हो, काय होत नाही", आणि सासूबाई म्हणतात पोराला समुद्रावर न्यायचंच नाही. ॲडव्हान्स आज भरायचाय, लवकर सांगा प्लीज.

टेंबलाईचा_वारा: बाळ किती महिन्यांचं? आणि कुठं चाललाय ते तरी लिहा की राव.

भटक्या_जीव: आम्ही मुलगी दीड वर्षाची असताना गेलेलो, काही त्रास नाही. नॉर्थ बेला काचेच्या तळाची बोट घ्या, बसल्या जागी कोरल दिसतं, अंग ओलं होत नाही. जॉली बॉय पण भारी आहे पण तिथं प्लास्टिक नेऊ देत नाहीत, बॅग तपासतात, तेव्हा डायपर-वाइप्सचं आधी विचारून घ्या. हॅवलॉकला दोन रात्री तरी ठेवाच.

शाहूपुरीकर: अहो अंदमान कुठं काढलं मधेच? मालवणला चाललोय! कोल्हापुरातनं गाडी काढून माणूस अजून कुठं जाणार.

भटक्या_जीव: मग आधी लिहायचं ना. तरी सांगतो, एकदा अंदमान बघितलं की मालवणचं पाणी गढूळच वाटतं.

देवबागकर: गढूळ तुमका दिसला आसात मे महिन्याच्या शेवटाक. दिवाळीनंतर येवन बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूक खडकावर प्रवाळ आसा, 1987 पासून तो भाग सागरी अभयारण्य आसा. अंदमानासारखा रंगीत नाय, पण दीडशे किलोमीटरवर आसा.

मिसळ_एके_मिसळ: घाट कुठला धरणार? करूळने जाऊ नका, फोंड्याने जावा. राधानगरी, दाजीपूर, कणकवली, कसाल, सरळ मालवण.

टेंबलाईचा_वारा: फोंडा काय, करूळ काय, त्यांनी रस्ता विचारलाय का? शाहूपुरीकर, बाळाचं वय!!

आज्जीचा_बटवा: निघायच्या आदल्या रात्री मधात जायफळ उगाळून चाटवा, घाटात शांत झोपेल. माझी तिन्ही पोरं अशीच वाढली.

दवाखान्यातली_ताई: आज्जी, राग मानू नका, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषानं होणाऱ्या आजाराचा धोका असतो. आणि झोपवण्यासाठी जायफळ तर नकोच. शाहूपुरीकर, वय सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

शाहूपुरीकर: साडेपाच महिने. लिहिलं नव्हतं का? सॉरी. अंगावरच पितोय अजून.

दवाखान्यातली_ताई: मग बाळ बोटीत नको. त्या मापाचं लाइफ जॅकेट तिथं मिळायचं नाही, आणि मोठ्यांचं घातलं तर त्यातनं निसटून जाईल. सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन पण लावत नाहीत, म्हणून सावली, पातळ सुती पूर्ण बाह्यांचा झबला, टोपी. ऊन आहे म्हणून पाणी पाजू नका, जास्त वेळा अंगावर पाजायचं. तुम्ही दोघं स्वतःला लावणार असाल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, ऑक्सिबेंझोन असलेलं प्रवाळाला घातक असतं.

रंकाळ्याचा_राजा: भावा आमचा अनुभव सांगतो. मी आणि मंडळी दोघं एकदमच पाण्यात उतरलो आणि पोरगं मेव्हण्याकडं बोटीत. त्यानं जो सूर लावला, माझं डोकं पाण्यात आणि कान वर! स्नॉर्केलिंगला मास्क लावून, रिंगला धरून तरंगत खाली बघायचं असतं त्यामुळं पोहता नाही आलं तरी चालतं, ते टेन्शन घेऊ नका. माझं वेगळंच झालं, मिशीतनं मास्कमध्ये पाणी शिरायला लागलं, नाक बुडालं, खारट ठसका. गाइड म्हणतो मिशी काढा. म्हटलं लगा, कोरल राहूदे, मिशी ऱ्हातीया! मग त्यानं मिशीवर व्हॅसलीन थापलं आणि जमलं. काळपट खडकावर फिकट पिवळट गोल गोल, मेंदूसारख्या घड्या, आणि मधनं पट्ट्यापट्ट्याचे मासे.

ग्रहमान_पाहा: तिथं पोवळं मिळत असेल तर एक आणा. मंगळ बिघडलाय आमच्याकडं.

इतिहासाचा_मास्तर: अंगठीतलं पोवळं वेगळं, ते भूमध्य समुद्रातलं लाल प्रवाळ. किल्ल्यापाशी आहे ते काढलं तर वन्यजीव कायद्यात अडकाल, 1972 च्या कायद्यात कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे. तो दगड नव्हे, जिवंत प्राणी आहे, त्यावर उभं पण राहू नये. गोल जातीचं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. आणि जाता जाता, खरी प्रवाळाची वस्ती बघायची तर आंग्रिया बँक, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखाली.

मिसळ_एके_मिसळ: बँक? पाण्याखाली कुठली शाखा?

इतिहासाचा_मास्तर: कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून पडलंय ते. पाण्याखालचं पठार. आणि हो, बाळ घेऊन जायची जागा नाही, आधीच सांगतो.

टेंबलाईचा_वारा: मग सांगितलं कशाला.

देवबागकर: आता माझा ऐका. पोराक आजीकडे किनाऱ्यावर सावलीत ठेवा, तुम्ही दोघां पाळी पाळीन जावा, पयली बायको. तिका उतरायच्या अगोदर पोराक पाजून घेवंदे. आणि तिथी बघा. आमचे लोक तिथीची पाऊणपट करतत, तो भरतीचो टायम. अमावास्या-पुनवेक पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्या दिसांनी उधाण, पाण्याक ओढ असता. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी, पाणी निवळ. वारो दुपारी सुटता म्हणान सकाळीच आटपा.

शाहूपुरीकर: हे कामाचं! शनिवारी सप्तमी आहे, साताची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे पहाटे भरती आणि साडेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी, बरोबर का? सासूबाईंना वाचून दाखवलं, किनाऱ्यावर बसायला तयार झाल्या, पण खुर्ची आणि छत्री माझी माझी आणायची म्हणाल्या. बोटवाल्याला दोनच सीट सांगितल्या, तर म्हणतो वेगवेगळं जायचं तर दोन फेऱ्यांचे पैसे.

रंकाळ्याचा_राजा: देऊन टाक भावा. मिशी आहे का तुला?

शाहूपुरीकर: आहे.

मिसळ_एके_मिसळ: घाट कुठला ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.