पट्टी फिकी आली की अँटिबॉडीलाच दोष का?

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (नमुन्यातली प्रथिनं मेंब्रेनवर घेऊन अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) फॉस्फो-कॅमकेटूची, म्हणजे कॅमकेटू या एन्झाइमच्या फॉस्फेट जोडलेल्या रूपाची, पट्टी एकाला फिकी आली. त्यावर 'पट्टी फिकी, म्हणजे अँटिबॉडी गेली' असं या चर्चेत म्हटलं गेलं; हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्याच नमुन्यात टोटल कॅमकेटू (फॉस्फेट असो वा नसो, सगळं) बघा. ५० (अल्फा) आणि ६० (बीटा) किलोडाल्टनच्या आसपास पट्ट्या ठळक असतील, तर प्रथिन शाबूत आहे, बहुधा फॉस्फेट गळालाय. कॅमकेटूच्या थ्रिओनीन-२८६ या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट मुख्यतः पीपी१ हे फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) काढतं. व्हॅनाडेट टायरोसीनवरचा फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फटेजांना रोखतं, इथे ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड हवं, आणि तेही पेशी फोडण्याआधीपासून बफरमध्ये. ब्लॉकिंगला (मेंब्रेनच्या मोकळ्या जागा झाकायला) दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन; ५% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) बरं. शिवाय प्रोटोकॉलमधलं 'रूम टेम्परेचर' म्हणजे २०–२५ अंश; मे महिन्यातली बडोद्याची एसीविना खोली नव्हे! प्रायमरी अँटिबॉडी (प्रथिनाला थेट चिकटणारी) रात्रभर ४ अंशांवरच ठेवा.

लॅम्डा फॉस्फटेज कंट्रोलचा, म्हणजे या एन्झाइमने फॉस्फेट मुद्दाम काढून अँटिबॉडी तपासण्याचा, उल्लेख अजून कोणी केला नाही. तो बहुतेकदा फसतो, कारण लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावात) आधीच फॉस्फटेज रोखणारे इनहिबिटर आणि धातूंचे आयन बांधून ठेवणारं ईडीटीए असतात. या एन्झाइमला मँगनीज लागतं, ते ईडीटीए पळवतं. सोपा मार्ग: प्रथिनं जेलवरून मेंब्रेनवर ट्रान्सफर केल्यानंतर मेंब्रेनचे दोन तुकडे करा, बीएसएने ब्लॉक करा, एकावर १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइडसह लॅम्डा घाला. फॉस्फो-सिग्नल त्याच तुकड्यावर गेला पाहिजे. तिथेही तसाच राहिला, तर मात्र अँटिबॉडीवर खुशाल संशय घ्या.