३०२ च्या आजींचं लाइट बिल (बी विंगचा ग्रुप)

बी-२०३: ३०२ च्या आजींना या महिन्याचं लाइट बिल ९,०३० रुपये आलंय. आत्ता जिन्यात भेटल्या. एफडी मोडली तर व्याज किती जाईल, असं मलाच विचारत होत्या. एरवी त्यांना सातशे-आठशेच्या वर येत नाही.

बी-१०१: मुलाने एसी बसवून दिला असेल.

बी-२०३: कुठला एसी! पंखासुद्धा एकवर ठेवतात.

बी-४०४: डिपॉझिटचं बिल नाही ना? ते वर्षातून एकदा वेगळं येतं, लोक उगाच घाबरतात.

बी-२०३: नाही काका, वापराचंच आहे. ५९१ युनिट लावलेत.

बी-४०१: हे नवीन मीटर पळतातच. माझ्या साडूकडे पण असंच झालं. मोर्चा काढला पाहिजे.

बी-१०४: 🌸 शुभ सकाळ 🌸 आजचा सुविचार

सचिव: ताई, सुविचार मेन ग्रुपवर प्लीज. आणि मोर्चाच्या आधी कुणीतरी खाली जाऊन मीटर बघा.

बी-२०३: आलो बघून. स्क्रीनवर आधी तारीख, वेळ, व्होल्टेज असं काय काय फिरतं, मग केडब्ल्यूएच, म्हणजे युनिट, येतं. तिथे आज ६३५१ आहे. बिलात मागील रीडिंग ६२५१, चालू रीडिंग ६८४२.

बी-४०४: म्हणजे बिलातलं रीडिंग आजच्या रीडिंगच्याही पुढे? बिल तर तीन दिवसांपूर्वीचं आहे. मीटर काय उलटा फिरला?

बी-२०३: बिलावरचा फोटो मोठा करून बघितला. काचेवर धूळ, वर फ्लॅशचा डाग. मला वाटतं ६३४२ चं ६८४२ झालं. ३ चा ८.

बी-४०४: बरोबर. ६३४२ धरलं तर ९१ युनिट होतात, म्हणजे आजींचं नेहमीचंच. मीटर ठणठणीत आहे. टेस्टिंगचा अर्ज करू नका, फुकट फी जाईल आणि दिवस जातील. रीडिंग चुकलंय, बिल दुरुस्त करून द्या, एवढंच लिहायचं. ऑफिसात या बिल दुरुस्तीला बी-८० म्हणतात, तो शब्द वापरलात की समोरचा जरा सरळ बोलतो.

बी-१०१: एवढा खटाटोप कशाला? भरून टाकायचं. पुढच्या बिलात वळतं होतंच की.

बी-२०३: दादा, त्यांची पेन्शन किती आणि बिल किती!

बी-४०४: शिवाय ही जादाची युनिटं वरच्या स्लॅबने लागलीत. १०० च्या आतला दर आणि ५०० च्या पुढचा दर यात तिपटीच्या आसपास फरक आहे. ते पैसे आपण आधी भरायचे आणि मग परत कधी मिळतात त्याची वाट बघायची, हे मला पटत नाही.

बी-१०१: पण तारीख उलटली आणि लाइट कापली तर? एकट्या बाईमाणसाचं काय?

बी-४०४: अशी कापता येत नाही. वीज कायदा २००३, कलम ५६. तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि बिलावर वाद असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरायची. मग वाद मिटेपर्यंत हात लावता येत नाही. आजींच्या बाबतीत ही रक्कम सातशे-आठशेच होईल.

बी-३०३: आजींना कालच मेसेज आलाय, आज रात्री साडेनऊला वीज बंद होणार, या नंबरवर फोन करा म्हणून!! त्या फोन करणारच होत्या, मी थांबवलं.

सचिव: तो सरळसरळ फसवणुकीचा आहे. साध्या मोबाइल नंबरवरून कुणी लाइट कापत नाही. ब्लॉक करून द्या त्यांना.

बी-२०३: उद्या मी हाफ डे घेऊन जातो आजींसोबत. त्यांची एकच अट आहे, बंगळुरूच्या मुलाला कळवायचं नाही. चाळीस वर्षांत एक बिल थकवलं नाही, हे पाचदा सांगून झालं.

बी-४०४: अर्ज दोन प्रतींत. ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, बिलाची झेरॉक्स, मीटरचा तारखेसह फोटो. एका प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोंडी “बघतो” म्हणाले तर बसून राहायचं. आजी बसल्या की कुणी उठवत नाही.

बी-२०३: 😂 झालंही तसंच. आधी “भरा, मग बघू” म्हणाले. आजींनी पिशवीतून जुन्या बिलांची फाइल काढली, वर्षावार लावलेली, आणि पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली. साहेबांनी बिलावरचा फोटो उघडून बघितला आणि पोच दिली. माणूस मीटर बघून जाईल म्हणाले.

बी-३०३: आला होता. आजींनी त्याला चहा पाजला आणि काच पण पुसून घेतली.

बी-२०३: दुरुस्त बिल आलं! ७७० रुपये. आजींनी तासाभरात भरलं.

सचिव: छान. आता सगळ्यांनी आपापलं बिल मीटरशी ताडून बघा. पूर्ण विंगचं रीडिंग एकाच फेरीत घेतलं होतं.

बी-१०१: माझं उलटं आहे. बिलात फक्त १२ युनिट. घरात पाच माणसं. सांगायलाच पाहिजे का? 🙈

बी-४०४: नका सांगू. राहिलेली युनिटं पुढच्या महिन्यात एकदम येतील, वरच्या स्लॅबने. मग इथेच विचाराल काय करायचं.

बी-१०१: उद्याच जातो. आजी मोकळ्या आहेत का?